खोलीत जमते, बाहेर अडते : अडखळत बोलण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरासाठी बोलताना अडखळण्याविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी उपचार घेतलेले आहेत. कोणी सहा महिने, तर कोणी दोन वर्षे स्पीच थेरपीला गेले आहे, तंत्रांची नावे त्यांना पाठ आहेत आणि तरीही किराणा दुकानाच्या पायरीवर नेमक्या वेळी ती हाताशी येत नाहीत. म्हणून या वेळी तंत्रे कोणती यापेक्षा ती रोजच्या व्यवहारात कशी आणायची, याच अंगाने उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. अनेकांनी स्वतःसाठी ‘तोतरा’ हा शब्द वापरला आहे; मी तो वापरलेला नाही, कारण तो अडचण सांगण्यापेक्षा माणसाला चिडवण्यासाठीच अधिक खर्ची पडला आहे.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांचा असून हिंजवडीतील एका कंपनीत काम करतो. सहा महिने थेरपी घेतली. तेथे हळुवार सुरुवात करणे, शब्द लांबवणे, ओठ-जिभेचा स्पर्श हलका ठेवणे हे सगळे मला उत्तम जमते; पानभर मजकूर मी एकदाही न अडता वाचतो. पण बसमध्ये कंडक्टर समोर आला किंवा सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये (कालचे-आजचे काम प्रत्येकाने थोडक्यात सांगायची बैठक) माझी पाळी आली की सगळे विसरायला होते. घरी तंत्र वापरले तर बहीण म्हणते, ‘यंत्रासारखा काय बोलतोस?’ शिवाय तंत्र वापरले तर मी अडखळतो हे लोकांना कळेल, अशीही भीती वाटते. मी चुकतो कोठे?

उत्तर : सराव तुम्ही चुकीचा केलेला नाही, तो एकाच जागी केला आहे. थेरपीच्या खोलीत ऐकणारा माणूस एकच असतो, त्याला घाई नसते, तुम्ही अडखळता हे त्याला आधीच ठाऊक असते आणि समोर छापील मजकूर असल्यामुळे काय बोलायचे हे ठरवावे लागत नाही. त्यामुळे तुमचे सारे लक्ष कसे बोलायचे यावर राहू शकते. बसमध्ये मात्र सुट्टे पैसे काढणे, तोल सांभाळणे, मागच्या माणसाची चुळबुळ आणि कंडक्टरच्या चेहऱ्यावरची घाई हे सर्व एकाच वेळी चाललेले असते. नवे शिकलेले कौशल्य लक्ष मागते आणि तेथे तेच शिल्लक नसते. मोकळ्या मैदानात सायकल शिकलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सोडावे, तसा हा प्रकार आहे.

अडखळण्याचे मूळ बोलण्याच्या हालचाली जुळवणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत जनुकशास्त्रज्ञ डेनिस ड्रेना यांच्या गटाने २०१० साली पाकिस्तानातील कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी संबंधित जनुके दाखवून दिली. भीतीमुळे अडखळणे जन्माला येत नाही, पण कोणत्या प्रसंगी ते किती वाढेल हे मात्र भीती आणि घाई ठरवतात. म्हणून सरावाची पायरी शब्दांच्या अवघडपणावरून न ठरवता प्रसंगाच्या अवघडपणावरून ठरवावी. तुमच्या दिवसातील बोलण्याचे आठ-दहा प्रसंग कागदावर लिहा आणि सोप्याकडून अवघडाकडे लावा. दूधवाला, सोसायटीचा वॉचमन, चहाची टपरी, औषधाचे दुकान, बस, जेवणाच्या सुट्टीतील गप्पा, व्यवस्थापकाशी बोलणे आणि शेवटी स्टँडअप, असा काहीसा क्रम निघेल. तुमचा क्रम वेगळाही असेल; अनोळखी माणसापेक्षा वडिलांशी बोलणे अवघड वाटणारे लोक मी कितीतरी पाहिले आहेत.

आता यांतील एकच प्रसंग आणि एकच तंत्र निवडा आणि ते फक्त पहिल्या वाक्याच्या पहिल्या शब्दावर वापरा. ‘एक स्वारगेट’ एवढेच म्हणायचे आहे. ‘एक’मधला ‘ए’ स्वर आहे. अडकणाऱ्या माणसाचे स्वरतंतू स्वराच्या आधीच घट्ट मिटतात आणि मग आवाज फुटत नाही. त्यासाठी मोठा श्वास भरून घेऊ नका. छाती फुगवली की गळा आणखी आवळतो. नेहमीचाच लहानसा श्वास घ्या, त्यातला किंचित सोडा आणि त्या सुटत्या श्वासावर ‘ए’ अलगद ठेवा. पुढचा ‘स्वारगेट’ कसाही येऊ द्या. आठवडाभर रोज एवढेच करा. पहिल्या शब्दावर तंत्र आठवणे ही सवय झाली की मग दुसऱ्या वाक्याकडे वळावे. सबंध दिवस तंत्राने बोलण्याचा संकल्प करणारे लोक सकाळी नऊपर्यंत थकतात आणि दहा वाजता तंत्र निरुपयोगी ठरवतात.

तरीही अडखळाल, आणि तेव्हा काय करायचे हे बहुधा तुम्हाला शिकवलेले नाही, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही. चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकेतील वाचोपचाराचे, म्हणजे स्पीच थेरपीचे, एक मोठे अध्यापक स्वतः अडखळत असत. त्यांनी सांगितलेल्या पद्धतीचा क्रम उलटा वाटतो, पण तो व्यवहार्य आहे. प्रथम शिकायचे ते शब्द अडखळून संपल्यावर काय करावे हे : शब्द पूर्ण म्हणावा, दोन-तीन सेकंद थांबावे, ताण कोठे होता ते मनातल्या मनात पाहावे आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणून पुढे जावे. ते अंगवळणी पडल्यावर अडकलेल्या शब्दाच्या मध्येच ताण सैल करून बाहेर पडायला शिकावे. शब्दाच्या आधीच तयारी करणे हे सर्वांत शेवटी येते. बहुतेक जण शेवटची पायरी आधी चढू पाहतात. अडखळून झाल्यावर भर गर्दीत दोन सेकंद थांबणे किती कठीण असते ते मी जाणते. त्या दोन सेकंदांत माणूस पळून जात नाही, हाच खरा सराव आहे.

बहिणीचे म्हणणे मात्र खरे असावे. शब्द लांबवण्याचे तंत्र शिकवताना आरंभी बोलण्याचा वेग फारच कमी ठेवतात आणि मग हळूहळू नेहमीच्या वेगापर्यंत आणतात. तुम्ही मधल्याच पायरीवर थांबलेले दिसता. प्रत्येक अक्षर ताणू नका. वाक्याचे अर्थाप्रमाणे तुकडे करा : ‘काल मी लॉगिनच्या पानातली चूक शोधली’ येथे थांबा, ‘आज ती दुरुस्त करून’ येथे थांबा, ‘दुपारपर्यंत तपासणीला देतो.’ प्रत्येक तुकड्याची सुरुवात हळुवार असावी, बाकीचा तुकडा तुमच्या नेहमीच्या वेगात आणि नेहमीच्या हेलात यावा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने एका दमात तेथपर्यंत धावण्याची सवय लागते. ती मोडली की श्वासही पुरतो आणि बोलणे यांत्रिकही वाटत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून बहिणीलाच ऐकवा; तिच्याइतका कडक परीक्षक तुम्हाला मिळणार नाही.

राहिला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : ‘लोकांना कळेल.’ तंत्र लपण्यासाठी वापरले तर ते दोन कामे करू लागते, बोलायचेही आणि लपवायचेही, आणि त्या ओढाताणीत ते मोडते. जोसेफ शीहान या मानसशास्त्रज्ञांनी १९७० साली अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. लोकांना ऐकू येते ते पाण्यावरचे टोक असते आणि भीती, शरम, टाळाटाळ हा मोठा भाग पाण्याखाली असतो. हे शीहानही अडखळणारेच होते. हा खालचा भाग वितळवण्याचा एक विचित्र वाटणारा पण प्रभावी उपाय म्हणजे मुद्दाम अडखळणे. ज्या शब्दाची तुम्हाला भीती वाटत नाही त्यावर, ताण न देता, दिवसातून दोनदा स्वेच्छेने अडखळा : टपरीवर ‘दो-दो-दोन कटिंग’ म्हणा आणि चहावाल्याच्या डोळ्यांकडे पाहा. बहुतेक वेळा तो फक्त चहा देतो. पुढे स्टँडअपमध्येही एकदा सांगून टाका, ‘मी बोलताना अडखळतो, मला थोडा वेळ लागेल.’ या वाक्यानंतर तंत्राला एकच काम उरते.

नोंद ठेवायची असेल तर किती वेळा अडखळलो याची ठेवू नका. हे प्रमाण झोप, थकवा आणि समोरच्या माणसाप्रमाणे रोज बदलते आणि उगाच खचवते. आज किती प्रसंग टाळले नाहीत आणि किती वेळा तंत्र आठवले, हे लिहा.

प्रश्न : मी नाशिकमधील एका बँकेत नोकरी करते. समोर आलेल्या ग्राहकाशी बरी बोलते, पण फोनवर ‘हॅलो’च निघत नाही. पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. मी ‘हॅलो’ऐवजी ‘हां, बोला’ म्हणू लागले, काही दिवस जमले, आता तेही अडते. दुसरा कोणता शब्द सुचवाल?

उत्तर : दुसरा शब्द सुचवत नाही, कारण तोही दोन महिन्यांत अडेल. शब्द बदलण्याची युक्ती म्हणजे उधारी आहे. आज भागते आणि भीतीचे व्याज चढत जाते. शिवाय ग्राहकाचे, शाखेचे किंवा स्वतःचे नाव बदलता येत नाही, आणि बहुतेकांची खरी अडचण नावांवरच होते. ‘हॅलो’कडेच परत या. ‘ह’ हा श्वासाचा वर्ण आहे. श्वास रोखून धरला तर तो निघूच शकत नाही. फोन उचलल्यावर लगेच बोलण्याची घाई करू नका, आधी श्वास थोडा बाहेर जाऊ द्या आणि त्यावर ‘ह’ येऊ द्या.

फोनवर चेहरा दिसत नाही, त्यामुळे तुमची शांतता पलीकडच्या माणसाला लाइन तुटल्यासारखी वाटते. हा त्याचा उद्धटपणा नसतो, हे ध्यानात ठेवल्यास जखम थोडी कमी होते. स्वतःहून फोन करताना, ‘मी बोलताना थोडी अडखळते, कृपया फोन ठेवू नका,’ हे वाक्य सुरुवातीलाच, अडखळत का होईना, म्हणावे. सरावासाठी बँकेचे फोन निवडू नका. ज्यांच्याशी काही देणेघेणे नाही अशा पाच दुकानांना सलग फोन करून ती किती वाजता बंद होतात एवढेच विचारा. पाचव्या फोनपर्यंत काही वेगळे जाणवते का, ते पाहा. पहिला फोन वाईट जाईल, असे गृहीत धरूनच बसा.

प्रश्न : माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. आम्ही चिपळूणला असतो. चार महिन्यांपासून तो ‘म-म-मला’ असे बोलतो आणि कधी तोंड उघडे ठेवून अडकतो. मी वेखंड उगाळून मधातून चाटवते. त्याला ‘हळू बोल, श्वास घे’ असे सांगतो. सून नोकरीला जाते म्हणून हे झाले, असे नातेवाईक म्हणतात. आपोआप जाईल की डॉक्टरांकडे न्यावे?

उत्तर : सुनेच्या नोकरीमुळे हे झालेले नाही, हे आधी नातेवाइकांना सांगा. आईबापांना दोषी धरण्याची ही खोड जुनी असून शास्त्रज्ञही तिच्यातून सुटले नव्हते. आयोवा विद्यापीठातील वेंडेल जॉन्सन यांचे मत असे होते की, मुलाच्या साध्या अडखळण्याला आईबाप दोष ठरवतात, म्हणून तो जडतो. त्यांच्या देखरेखीखाली १९३९ साली एका अनाथाश्रमातील मुलांवर तसा प्रयोगही झाला, त्यांतील काही मुलांना तुमचे बोलणे बिघडले आहे असे सतत सांगितले गेले, आणि त्याबद्दल विद्यापीठाने २००१ साली जाहीर माफी मागितली. आईबापांमुळे अडखळणे सुरू होते, हे मत आज मागे पडले आहे.

वेखंडाने अडखळणे जात नाही, कारण दोष जिभेत नाही. जिभेलाच कारण समजून बर्लिनमधील शल्यविशारद डीफेनबाख यांनी १८४१ च्या सुमारास रुग्णांच्या जिभेवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. ते दिवस गेले, पण तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावणारे अजून भेटतात. लहान मुलाच्या तोंडात गोटी घशात अडकण्याचा धोका असतो, तेव्हा तो उपाय कोणी सुचवल्यास साफ नकार द्या.

दोन ते पाच या वयात अडखळू लागलेल्या मुलांपैकी चारात साधारण तिघांचे बोलणे पुढे सुरळीत होते. चौथे मूल कोणते हे मात्र आधी नक्की सांगता येत नाही. मुलगा असणे, घरात कोणी मोठेपणीही अडखळत असणे आणि सहा महिन्यांहून अधिक काळ लोटणे, या गोष्टी असतील तर वाट पाहू नये. तुमचा नातू नुसते अक्षर पुन्हा म्हणत नाही, तर तोंड उघडे ठेवून अडकतो, म्हणून मी आताच दाखवून घ्यायला सांगेन. स्पीच थेरपी देणारा तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे ना, हे विचारून घ्या. मुंबईत वांद्रे येथे वाचा आणि श्रवण यांच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथवर जाणे अवघड असल्यास अनेक नोंदणीकृत तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवरूनही पालकांना मार्गदर्शन करतात. या वयासाठी सिडनीत विकसित झालेला लिडकोंब कार्यक्रम पालकांनीच घरी राबवायचा असतो, पण तो तज्ज्ञाकडून नीट शिकूनच करावा.

तोवर ‘हळू बोल’ म्हणणे थांबवा आणि तुम्हीच त्याच्याशी हळू बोला. तो अडला की शब्द पुरवू नका, नजर वळवू नका, त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबा. दिवसातून दहा मिनिटे टीव्ही-मोबाइल बंद करून फक्त त्याच्याशी खेळावे आणि त्या वेळी प्रश्न कमी विचारावेत. पाहुण्यांसमोर ‘श्लोक म्हणून दाखव’ हा आग्रहही सध्या नको.

प्रश्न : अडखळण्यावर गोळी आहे का? कानात घालायचे यंत्र आणि मोबाइल ॲप यांचा उपयोग होतो का?

उत्तर : केवळ या कारणासाठी मान्यता मिळालेले औषध नाही. कानातले यंत्र किंवा ॲप तुमचाच आवाज सेकंदाच्या अगदी लहान भागाने उशिरा ऐकवते. त्यामुळे काहींचे बोलणे लगेच सुधारते, काहींचे मुळीच नाही, आणि सुधारलेल्यांपैकीही अनेकांचा परिणाम सवयीने ओसरतो. हजारो रुपये घालण्यापूर्वी फुकट ॲपवर महिनाभर, घरी नव्हे तर बाजारात, वापरून पाहा.

प्रश्न : माझे लग्न दोन महिन्यांवर आले आहे. माझ्या अडखळण्याविषयी सासरी कोणालाच माहीत नाही. मी शब्द बदलून आजवर निभावले. पण उखाण्यात नाव घ्यावेच लागेल आणि त्यांचे नाव ‘प्र’ने सुरू होते, तोच माझा सर्वांत अवघड वर्ण आहे. मैत्रिणी म्हणतात की पाठ केला की झाले.

उत्तर : पाठ करण्याने थोडा फायदा आहे, पण मैत्रिणी समजतात तेवढा नाही. लय आणि ठेका असला की अडखळणे कमी होते. आरती, प्रतिज्ञा, पाढे म्हणताना तुम्ही अडखळत नसाल, आणि चारचौघांबरोबर एकसुरात म्हणताना तर क्वचितच. उखाण्याला लय आहे, पण तो एकटीने म्हणायचा असतो, आणि नाव येण्याआधी सगळा मांडव गप्प होतो. ती शांतताच तुमचा शत्रू आहे. म्हणून नावाआधी थांबायचेच नाही, अशी रचना निवडा. पुष्कळ उखाण्यांत दुसरी ओळ नावानेच सुरू होते. ती टाळा आणि नावाआधी स्वरान्त शब्द ठेवा, म्हणजे आवाज न तोडता त्यावरून नावात उतरता येईल. उदाहरणार्थ : ‘दारी रांगोळी रेखली, रंग भरले सात, आज मी अमुकरावांच्या हाती दिला माझा हात.’ ‘मी’चा ईकार किंचित लांबवा, आवाज चालूच ठेवा आणि ओठ एकमेकांना टेकतात न टेकतात एवढ्याच स्पर्शाने ‘प’ म्हणून लगेच ‘र’वर या. ओठ आवळले की हवा त्यांच्यामागे तुंबते, म्हणून हातावर फुंकर जाणवेल इतका सैल ‘प’ आधी आठवडाभर नुसता घोकावा, मग ‘मी प्र’ हा जोड आणि मग पूर्ण ओळ.

पण हा उखाणा साधला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई काही विचारतील आणि शब्द बदलण्याचा खेळ नव्या घरात नव्याने सुरू होईल. लपवण्याचा शीण अडखळण्याहून मोठा असतो, हे तुमच्या चार पानी पत्रावरूनच दिसते. सगळ्या मांडवाला सांगण्याची गरज नाही, होणाऱ्या नवऱ्याला मात्र लग्नाआधी सांगावे, आणि तेही गंभीर बैठक बसवून नव्हे. उखाण्याची तालीम आरशासमोर करू नका. आरसा ऐकत नाही आणि वाटही पाहत नाही. आधी एका मैत्रिणीला, मग तिघींना ऐकवा, आणि त्यानंतर फोनवर होणाऱ्या नवऱ्यालाच ऐकवा. ‘प्र’वर अडलात तर तेथेच राहा, शब्द सैल करून पूर्ण करा आणि मग सांगा की मांडवातही कदाचित एवढाच वेळ लागेल.